न कळणारी तबकडी कोरी नसते
जुनी साठवण, नवी यंत्रं : लेखांक ६

साडेतीन इंची फ्लॉपी कुठल्याही साडेतीन इंची ड्राइव्हमध्ये सहज बसते आणि घोळ तिथूनच सुरू होतो. बसली म्हणजे वाचली जाणार, असं आपण धरून चालतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस एकाच जातीची फ्लॉपी आयबीएम पद्धतीच्या पीसीत, ॲपलच्या मॅकिंटॉशमध्ये आणि कमोडोरच्या अमिगात वापरली जायची. कवच तेच, आतली चुंबकीय चकतीही तीच. पण पीसी तिच्यावर ७२० केबी मावेल एवढं लिहायचा, मॅक ८०० आणि अमिगा ८८०. ही जास्तीची जागा आली कुठून?

पीसीचा ड्राइव्ह चकती एकाच वेगाने फिरवतो, मिनिटाला ३०० फेरे, आणि प्रत्येक ट्रॅकवर नऊ सेक्टर लिहितो. पण बाहेरचा ट्रॅक लांबीने मोठा, आतला लहान. दोन्हींवर सारखाच मजकूर लिहिला की बाहेरची जागा वाया जाते. ॲपलने ती वाया जाऊ दिली नाही. मॅकचा ड्राइव्ह बाहेरच्या बाजूला चकती सावकाश फिरवायचा, आत येईल तसा वेग वाढवायचा आणि बाहेर बारा तर आत आठ सेक्टर बसवायचा. शिवाय बिट लिहिण्याची सांकेतिक पद्धतही पीसीहून निराळी. अमिगाने वेग तोच ठेवला, पण दोन सेक्टरांमधली मोकळी जागा जवळजवळ काढून टाकली; तो अख्खा ट्रॅक एकदम वाचायचा आणि एकदम लिहायचा. दोन्ही युक्त्या हुशारीच्या. पण या हुशारीनेच दुसऱ्यांची दारं बंद केली. पीसीतल्या फ्लॉपी कंट्रोलरला ना ८०० केबीची मॅक फ्लॉपी वाचता येत, ना ८८०ची अमिगा फ्लॉपी. आज बाजारात मिळणाऱ्या यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हलाही येत नाही. त्यासाठी सॉफ्टवेअर शोधत बसू नका, अडचण त्याच्या खालच्या थरात आहे. ग्रीझवीझल किंवा क्रायोफ्लक्ससारखं सर्किट साध्या पीसी ड्राइव्हला जोडून चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपायचे आणि त्यांचा अर्थ नंतर लावायचा, हाच मार्ग.

१.४४ एमबीच्या फ्लॉपीचं मात्र वेगळं. १९८८पासून ॲपलनेही पीसीचीच लेखनपद्धत वाचू शकणारे ड्राइव्ह बसवले. त्यामुळे मॅकवरची १.४४ एमबीची फ्लॉपी यूएसबी ड्राइव्ह वाचू शकतो. अडतं ते पुढे, फाइल सिस्टिमपाशी. म्हणून पहिल्यांदा कवचाच्या कोपऱ्यांकडे बघावं. दोन्ही कोपऱ्यांत चौकोनी भोकं असतील तर फ्लॉपी १.४४ची, एकच असेल तर जुन्या, कमी क्षमतेची. (पैसे वाचवण्यासाठी स्वस्त फ्लॉपीला दुसरं भोक पाडून ती १.४४ म्हणून वापरणारे महाभागही होते. अशा फ्लॉपीवर भरवसा ठेवू नये.)

आता झिप डिस्क. आयोमेगा या अमेरिकी कंपनीची ही तबकडी १९९५च्या सुमाराला बाजारात आली. १०० एमबी, म्हणजे सत्तरेक फ्लॉप्यांचा माल एका खिशात. चित्रांनी भरलेल्या पानांची फाइल डीटीपीवाल्याकडून फिल्म काढणाऱ्याकडे न्यायची तर ही मोठी सोय होती. पुढे २५० आणि ७५० एमबीच्या डिस्क निघाल्या. नियम सरळ नाही: २५०चा ड्राइव्ह १००ची डिस्क वाचतो आणि रडतखडत लिहितोही, ७५०चा ड्राइव्ह १००ची डिस्क फक्त वाचतो. आपल्या कामाला वाचता आलं तरी पुरे, किंबहुना लिहिता न येणं बरंच.

कारण झिप डिस्कला फ्लॉपीसारखी सरकती कुलूपपट्टी नाही. लिहिण्याला बंदी सॉफ्टवेअरमधून घालायची आणि तिची नोंद डिस्कवरच होते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. हेड नेमकं ट्रॅकवर राहावं म्हणून कारखान्यातच डिस्कवर खुणा लिहिलेल्या असतात. त्या घरच्या ड्राइव्हला पुन्हा लिहिता येत नाहीत. जोरदार चुंबकाने डिस्क ‘स्वच्छ’ केली की ती कायमची गेली.

झिप ड्राइव्ह जोडतानाचा गोंधळ तर मुद्दाम केल्यासारखा वाटतो. पीसीसाठीचा पॅरलल पोर्टचा ड्राइव्ह आणि मॅकसाठीचा स्कझी जोडणीचा ड्राइव्ह, दोन्हींच्या पाठीला पंचवीस पिनांचं तसंच सॉकेट. केबल बसते, काम होत नाही. जुन्या बाजारात ड्राइव्ह घेताना पाठीमागचं चिन्ह वाचूनच घ्यावा, आणि मिळाला तर यूएसबीचा घ्यावा. पॅरललचा ड्राइव्ह आजच्या लॅपटॉपला यूएसबी-ते-पॅरलल केबलने जोडू असा विचार असेल तर सोडून द्या. त्या केबली सहसा फक्त प्रिंटरशी बोलतात.

घेताना कानही उघडे ठेवा. ड्राइव्ह सारखा टकटक करत असेल तर त्यात जपून ठेवलेली डिस्क घालू नका. बिघडलेलं हेड डिस्कची कड फाडतं आणि ती फाटकी डिस्क चांगल्या ड्राइव्हचं हेड बिघडवते. साथीच्या रोगासारख्या पसरणाऱ्या या बिघाडावरून १९९८मध्ये आयोमेगावर अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा लावला होता.

ड्राइव्ह चालला, डिस्क फिरली. तरी खरा धोका पुढेच आहे. मॅकवर तयार केलेली झिप विंडोजमध्ये घातली की पडद्यावर प्रश्न येतो: डिस्क फॉरमॅट करायची का? जुन्या मॅकमध्येही न कळणारी तबकडी घातली की असाच प्रश्न यायचा. दोन्ही यंत्रं परक्याची तबकडी कोरी समजतात. उत्तर दर वेळी ‘नाही’. मी तर पुढे जाऊन म्हणेन की पहिल्यांदा विंडोजमध्ये घालूच नये. लिनक्सवर डिस्क न उघडता तिची पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत प्रतिमा काढावी. खराब जागा असतील तर डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम आधी चांगला भाग उचलतो आणि अडलेल्या जागी नंतर परत येतो. पुढचं सगळं काम त्या प्रतिमेच्या नकलेवर करायचं, मूळ डिस्क कपाटात.

लिनक्समध्ये पीसीची झिप उघडणाऱ्यांना आणखी एक चकवा लागतो. आयोमेगाकडून फॉरमॅट होऊन आलेल्या डिस्कवरचं एकुलतं एक पार्टिशन पहिल्या क्रमांकावर नसतं, चौथ्यावर असतं. मॅकच्या झिपवर विभागणीचा तक्ताच ॲपलचा आणि फाइल सिस्टिम बहुधा १९८५ची एचएफएस. ती आज कोण वाचतं? नवा मॅक नाही. ॲपलने एचएफएसवर लिहिणं २००९मध्ये बंद केलं आणि वाचणं २०१९मध्ये. लिनक्स वाचतो, विंडोजवर एचएफव्हीएक्सप्लोरर नावाचा जुना प्रोग्रॅम वाचतो. ॲपलने आपल्याच जुन्या गिऱ्हाइकांना असं वाऱ्यावर सोडावं आणि फुकट मिळणाऱ्या लिनक्सने त्यांना सांभाळावं, याचं मला नवल वाटत नाही, चीड येते.

फाइली दिसल्या म्हणून त्या लगेच पेनड्राइव्हवर ओढू नका. जुन्या मॅकच्या फाइलीला दोन अंगं असत: एकात मजकूर, दुसऱ्यात चिन्हं, चौकटी वगैरे सामग्री. मॅकच्या पोस्टस्क्रिप्ट फॉन्टचा तर सगळा जीव त्या दुसऱ्या अंगातच. पीसीच्या फाइल सिस्टिमला दुसरं अंग ठाऊकच नाही, त्यामुळे फॉन्ट कॉपी होतो आणि आकार दिसतो शून्य बाइट. अशा फाइली मॅकबायनरी किंवा बिनहेक्समध्ये बांधूनच हलवायच्या. उलट, पीसीच्या फ्लॉपीवर ‘रिसोर्स.एफआरके’ नावाचं फोल्डर आढळलं तर ते कचरा म्हणून उडवू नका. मॅकने पीसीच्या डिस्कवर दुसरं अंग तिथे जपून ठेवलेलं असतं.

फ्लॉप्यांबद्दल एक सूचना राहिली. मुंबई-कोकणच्या दमट हवेत चकतीवर बुरशी धरते. धातूची झडप सरकवून, मधला गोल हलके फिरवून चकती उजेडात बघावी. पांढरट ठिपके असतील तर तशीच ड्राइव्हमध्ये घालू नये. हेड बरबटतं आणि पुढची धडधाकट फ्लॉपीही ओरखडली जाते. झडपेसमोरच्या कडेची कुलूपपट्टी खिडकी उघडी राहील अशी सरकवली की फ्लॉपीवर लिहिणं बंद होतं. आधी ते करा.

आणि मग येतो आपल्या भाषेचा खास प्रश्न. नव्वदीतला दिवाळी अंक असो वा लग्नपत्रिका, मजकूर बहुतेक श्री-लिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएममधला, पान पेजमेकरमध्ये लावलेलं. या फॉन्टांत मराठी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत आणि कुठला तुकडा कुठे हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. फॉन्ट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. त्यात मॅक आणि विंडोज यांच्या अक्षरतक्त्यातल्या वरच्या १२८ जागा जुळत नाहीत. मजकूर एका बाजूने दुसरीकडे नेताना एखाद्या मदतनीस प्रोग्रॅमने त्या ‘दुरुस्त’ केल्या असतील तर फॉन्ट लावूनही मराठी उमटत नाही: प्रोग्रॅमला ती युरोपी भाषांतली स्वरचिन्हांची अक्षरं वाटलेली असतात. म्हणून मजकुराची कुठलीही आपोआप होणारी रूपांतरं बंद ठेवून फाइल उचलावी.

युनिकोडमध्ये नेण्यासाठी त्या त्या फॉन्टचे कन्व्हर्टर आहेत. त्यांचं अवघड काम वेलांटी आणि रफाराचं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होई, जशी दिसते तशी; युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचं नेमकं उलट. ‘कीर्ती’, ‘वार्षिक’ अशा शब्दांवर बोट ठेवून बघा: पहिला नीट उतरला आणि दुसरा काना गळून ‘वर्षिक’ असा आला, तर चूक कन्व्हर्टरची की मूळ मुद्रिताची, हे ठरवायला छापील अंक शेजारी हवा. असेल तो काढून ठेवा.

पुढच्या लेखांकात सीडी-आर. तिथे फॉरमॅटची भांडणं कमी, पण रंगद्रव्य टिकण्याचा प्रश्न मोठा.