कटऑफ कुणी लावत नाही

दरवर्षी पावसाच्या तोंडाशी आमच्या सोसायटीतल्या दोन-तीन घरांतून मला चहाचं बोलावणं येतं. चहा निमित्ताला, खरं काम इंजिनीअरिंगच्या ऑप्शन फॉर्मचं, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीच्या यादीचं. ज्याला प्रवेश घ्यायचा तो आतल्या खोलीत, आई दाखल्यांची फाइल मांडीवर घेऊन बसलेली, आणि वडील मोबाइलवर कुणीतरी धाडलेली पीडीएफ चाळत असतात. पहिला प्रश्न ठरलेला: "सीओईपीचा कटऑफ यंदा कितीला लावतील?"

कुणीच लावत नाही. पुण्याचं सीओईपी लावत नाही, मुंबईचं व्हीजेटीआय लावत नाही, राज्याची प्रवेशपरीक्षा घेणारा सीईटी सेलही लावत नाही. एखाद्या शाखेतली शेवटची जागा ज्याला मिळाली त्याचं पर्सेंटाइल म्हणजे कटऑफ, आणि ते जागावाटप उरकल्यावरच कळतं. मागच्या वर्षीचा आकडा ही मागच्या वर्षी कुणी काय मागितलं याची नोंद आहे. अंदाजाला चांगली. पण ९६ कटऑफ दिसला म्हणून ९५ वाल्याने ते नाव यादीतूनच उडवावं, असं त्यात काही नाही.

पर्सेंटाइलचा घोळ तर जुनाच. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. राज्याच्या एमएचटी-सीईटी प्रवेशपरीक्षेच्या पीसीएम गटाचा पेपर २०० गुणांचा, आणि पर्सेंटाइल सांगतं ते इतकंच, की तुमच्या सत्राला बसलेल्यांपैकी किती टक्के मुलं तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत. समजा, चार लाख मुलं बसली. मग ९९ वाल्याच्या पुढे साधारण चार हजार जण असतात आणि ९० वाल्याच्या पुढे चाळीस हजार. ९९ आणि ९९.५ यांत "अर्ध्याचाच तर फरक" म्हणणाऱ्यांनी त्या अर्ध्यात दोन हजार मुलं उभी आहेत हे लक्षात घ्यावं. "आमच्या शिफ्टला पेपर अवघड होता" ही तक्रारही इथे फारशी टिकत नाही. तुलना त्याच शिफ्टच्या मुलांशी होते, आणि पेपर त्यांनाही अवघडच होता.

आता यादीकडे वळू, कारण सगळ्यात महागात पडणारा गैरसमज तिथेच आहे. "मिळण्यासारखं आहे तेच वर टाका, मोठं नाव वर टाकलं तर हातचंही जाईल." हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये, ही म्हण इथे चुकीच्या जागी वापरली जाते. कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, संगणकाचं काम अगदी साधं असतं. गुणवत्ता यादीतला पहिला उमेदवार घ्यायचा, त्याची यादी वरून खाली वाचायची, जी पहिली जागा शिल्लक असेल ती त्याला द्यायची. मग दुसरा, मग तिसरा. तुमची पाळी येते तेव्हा तुमचा पहिला पर्याय भरलेला असेल तर तो दुसरा बघतो, दुसराही भरला असेल तर तिसरा. तुमच्या बाराव्या क्रमांकावरचं कॉलेज तुमच्या मागच्या मुलाने पहिल्या क्रमांकावर टाकलं, म्हणून त्याच प्रकारच्या जागेसाठी तो तुमच्यापुढे जात नाही. त्याची पाळी तुमच्यानंतरच येते. तेव्हा न मिळणारी पाच नावं वर टाकल्याने जातं काय, तर टाइप करण्याची पाच मिनिटं. याउलट "मिळण्यासारखं" वर टाकलं की ते खरोखर मिळतं, आणि त्याहून बरं काही मिळण्याजोगं असलं तरी संगणक तिथवर पोचतच नाही.

एक खोच मात्र आहे. २०२५ पासून कॅपच्या चार फेऱ्या झाल्या आणि आपोआप फ्रीझ होण्याचा नियम कडक झाला: पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, दुसरीत पहिल्या तीनपैकी एखादी किंवा तिसरीत पहिल्या सहापैकी एखादी, तर ती घ्यावीच लागते, पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून वरच्या सहा ओळींत "असू दे, बघू" म्हणून काहीही टाकू नये. नियम दरवर्षी बदलू शकतात, तेव्हा माहितीपुस्तिका स्वतः वाचा. चहाला बोलावलेल्या माझ्यासारख्यावर विसंबू नका.

"आमच्याकडे सर्टिफिकिटं पुष्कळ आहेत" हे एका आईने मला फाइल उघडून दाखवलं होतं. त्यात ऑलिंपियाड होतं, अबॅकस होतं, चित्रकलेची इंटरमिजिएटही होती. या इंटरमिजिएटचे वाढीव गुण दहावीला मिळतात, त्यामुळे घरोघरी समज पक्का झालाय की पुढेही त्याचं काहीतरी होत असणार. राज्याच्या कॅपमध्ये त्याला किंमत शून्य. निबंध, शिफारसपत्रं, समाजसेवा पाहून निवड करणारी अमेरिकी विद्यापीठांची पद्धत वेगळी. इकडचं यंत्र बहिरं आहे, त्याला तुमचा क्रमांक, प्रवर्ग आणि यादी एवढंच ऐकू येतं. अपवाद आता तुरळक दिसू लागलेत. आयआयटी मद्रासने २०२४ पासून खेळाडूंसाठी वेगळ्या जागा ठेवल्या, पण तिथेही जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या यादीत नाव लागतंच.

आणि बारावी? "तिला कोण विचारतं" असं क्लासवाले बिनदिक्कत सांगतात. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या क्रमवारीत बोर्डाच्या गुणांना ४० टक्के वजन होतं. २०१७ पासून ते गेलं. गेलं ते वजन, अट नव्हे. आयआयटी-एनआयटीसाठी बारावीला ७५ टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ६५), नाहीतर बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. राज्यातल्या प्रवेशाला संबंधित विषयांत ४५ टक्के, राखीव प्रवर्गांना ४० टक्के पुरतात.

कागदपत्रांबाबत एकच, पण दरवर्षी कुणाला तरी नडणारी गोष्ट. राज्याचा दाखला केंद्राला चालेलच असं नाही. आयआयटी-एनआयटीच्या जागावाटपाच्या, म्हणजे जोसाच्या, फेऱ्यांसाठी ओबीसीचं नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं आणि त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचं लागतं. एसईबीसी, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास, हा राज्याचा प्रवर्ग केंद्राच्या यादीत नाहीच, त्यामुळे राज्यात ज्याला त्याच्या १० टक्के आरक्षणातली जागा मिळू शकते तो आयआयटीच्या रांगेत त्या दाखल्यावर उभा राहू शकत नाही. आणि प्रवर्गांचा विषय निघालाच आहे तर, कटऑफच्या यादीत "ओपन" लिहिलेल्या जागा कुणा एका गटाच्या नसतात. गुणवत्तेवर त्या कुणालाही मिळतात, राखीव प्रवर्गातल्या मुलांनाही.

शेवटचं टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर या जागा मागता येतात, पण प्रवेश झाल्यावर अर्ज करून नव्हे. त्यांचा चॉइस कोड वेगळा असतो, तो यादीत स्वतंत्र टाकावा लागतो, आणि चढाओढ इतकी की कटऑफ बहुतेक ठिकाणी नेहमीच्या जागेपेक्षा वरच असतो. गेल्या वर्षी एका घरी मी पोचण्याआधीच काकांनी यादी नीटनेटकी करून ठेवली होती. एकच कॉलेज, एकच शाखा, दोनदा आलेली दिसली, म्हणून मुलीने चुकून लिहिलं असेल समजून त्यांनी एक ओळ लाल पेनाने खोडली होती. ती परत लिहिली, आणि दुसरीच्या वर लिहिली.