एकच पार्ट बदलायचा होता...

पोळ्याला बैलाची शिंगे रंगवायची, गळ्यात घुंगरमाळ बांधायची, पाठीवर झूल टाकायची आणि त्याला गावातून मिरवायचे, ही खान्देशची जुनी हौस. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जावे, तर तेथेही घोड्याइतकेच लोक त्याच्या साजाकडे पाहत असतात. तेव्हा धुळ्या-जळगावच्या मुलांनी मोटारसायकल नटवायला घेतली, यात नवल ते काय? फरक एवढाच की, बैलाचा पोळा वर्षातून एकदा येतो. गाडीचा रोजच असतो!

तसे पाहिले तर पूर्वीचे बदल गरजेपोटी होते. दूधवाल्याच्या राजदूतला दोन्ही बाजूंना किटल्यांसाठी लोखंडी आकडे लागत. घरोघरी साडीगार्ड आणि लेगगार्ड बसत. डिझेल स्वस्त होते तेव्हा बुलेटला डिझेल इंजिन जोडणारे मिस्त्री होते आणि पुढे एनफिल्ड कंपनीनेच 'टॉरस' नावाची डिझेल बुलेट काढली. हौसेचे प्रकरण खऱ्या अर्थाने वाढले ते येझदी आणि यामाहा आरएक्स १०० मुळे. १९८५ ते १९९६ या काळात बनलेली आरएक्स जेमतेम ९८ सीसीची आणि ११ हॉर्सपॉवरची. पण तिने एका पिढीला असे वेड लावले की, ते अजून उतरलेले नाही.

या वेडाची सुरुवात नेहमी गरीब असते. फक्त हँडल बदलायचे असते. उंच हँडल बसले की क्लचची, ब्रेकची केबल अपुरी पडते. केबल बदलली की नव्या हँडलपुढे जुना दिवा केविलवाणा दिसू लागतो. दिवा मोठा झाला की बॅटरी कुरकुरते. मग सीट उंच वाटते, मागचे मडगार्ड लांब वाटते आणि शेवटी पेट्रोलच्या टाकीचा रंग डोळ्यांत खुपू लागतो. फ्रेंच विचारवंत दिदरो याने १७६९ मध्ये नेमके हेच दुखणे लिहून ठेवले आहे. त्याला एक नवा भरजरी झगा मिळाला आणि त्यापुढे घरातले सगळे सामान जुनाट दिसू लागले; एकेक करत त्याने ते सारे बदलले. त्याच्याकडे बुलेट नव्हती, हे त्याच्या घरच्यांचे नशीब.

बरे, हे वेड एकट्याला लागत नाही. त्याला मंडळी लागतात. रविवारी सकाळी धुळ्याजवळच्या लळिंग घाटाकडे किंवा जळगावहून अजिंठ्याच्या रस्त्याला पाच-सात गाड्या निघतात, टपरीवर थांबतात आणि चहा येईपर्यंत सगळे एकमेकांच्या इंजिनांवर वाकलेले असतात. "कितलाले पडनं, भाऊ?" हा पहिला प्रश्न. याचे खरे उत्तर कोणी देत नाही. मित्रांना दीडपट आकडा सांगायचा आणि घरी निम्मा, असा रिवाज आहे. दुसऱ्याच्या गाडीवर चमकणारी वस्तू दिसली की, पुढच्या पगाराचे काय होणार ते तिथेच ठरते. मुलांची फी त्याच पगारातून जायची असते, ही गोष्ट टपरीवर कोणी काढत नाही.

सर्वांत मोठा मोह सायलेन्सरचा. बुलेटला 'पंजाब' किंवा 'इंदोरी' लावला की आवाज घुमतो, आणि आवाज म्हणजे ताकद असा आपल्याकडे पक्का समज आहे. नुसती जाळी काढून फोर-स्ट्रोक गाडीची ताकद सांगण्याजोगी वाढत नाही. आरएक्ससारख्या टू-स्ट्रोकमध्ये तर सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग असतो. त्याच्या पोटाच्या आकारामुळे दाबाची लाट उलटी फिरते आणि बाहेर निसटणारे ताजे पेट्रोलमिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. त्यात हात घातला की गाडी ओरडते जास्त आणि ओढते कमी. कार्ब्युरेटरचा जेट जुळवला नाही, तर मिश्रण पातळ होते, प्लग पांढरा पडतो आणि आपल्या मे महिन्याच्या उन्हात पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही. शेजारच्या आजोबांची मोडलेली झोप वेगळीच.

कायदा तर सरळ आड येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल चालत नाही, ज्याने आरसी बुकातील नोंद कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळी पडेल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी मालकाला एकेका बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. अपघात झाला तर विमा कंपनी बदललेल्या गाडीकडे बोट दाखवते, आणि तेव्हा भुर्दंड सगळ्या घराला बसतो.

तरीही या हौसेला नुसते वाह्यातपणा म्हणून झटकता येत नाही. मुंबईच्या अक्षय वर्दे यांनी 'वर्देंची' या नावाने हाच उद्योग नावारूपाला आणला. आपल्याकडेही पत्रा ठोकून टाकीला गोलाई देणारे, डोळ्यांनी प्लगचा रंग पाहून इंजिनाची प्रकृती सांगणारे मिस्त्री आहेत. त्यांची कला हौशी पोरांच्या पैशावरच टिकली.

गंमत म्हणजे अलीकडे वारे उलटे फिरले आहे. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी हे नाव बाजारात परतले, तशी जुन्या गाड्या जशा होत्या तशा करण्याची चढाओढ लागली. ज्यांनी एकेकाळी येझदीचे दोन्ही सायलेन्सर भंगारात किलोवर घातले, तेच आता मूळ जोडीसाठी भंगारबाजार पालथे घालताना दिसतात. ज्या घरात माळ्यावर, पोत्यात गुंडाळून तो जुना सायलेन्सर अजून पडून आहे, तेथे दर दिवाळीच्या आवराआवरीत घरची बाई तो टाकून द्यायला काढते आणि नवरा मुकाट्याने पुन्हा वर ठेवून येतो.