खर्ज हरवलेला रेडिओ

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दिवाणखान्याच्या कोनाड्यात एक जुना व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. आजोबांनी तो घेतला तेव्हा बडोदे संस्थान होते. 1 मे 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. रेडिओ मात्र आपल्या कोनाड्यातून हलला नाही. त्याच्या पाठीशी ग्रामोफोनचा पिकअप जोडावयाची दोन भोके आहेत. तबकडी लावली की उस्ताद फैयाजखाँसाहेबांची जयजयवंती ओसरीपर्यंत पसरत असे. वडील राजवाड्यावर गात. पण खाँसाहेबांचा खर्ज कसा लागे हे मला सांगावयाचे झाले, की ते स्वतः गाऊन दाखवीत नसत. रेडिओकडे बोट करीत.

काही वर्षांपूर्वी त्या रेडिओच्या आवाजाला घरघर लागली. एका दुकानात नेला. चार दिवसांनी परत आला तो चांगला ठणठणीत होऊन. आवाज मोठा, स्वच्छ, आणि साफ परका! खाँसाहेब सर्दी झाल्यासारखे नाकात गाऊ लागले होते. वडिलांनी अर्धी तबकडी ऐकली आणि विचारले, “अरे, हे कोण गातंय?”

मागचा पुठ्ठा काढून पाहिले, तर जुना स्पीकर नाहीसा होऊन तेथे नवा चकचकीत स्पीकर बसला होता. जुना मागावयास धावलो. तो भंगारात गेल्याचे कळले. दुकानदाराची लबाडी नव्हती. त्याच्या लेखी स्पीकर म्हणजे स्पीकर. रागवावयाचे ते मी स्वतःवरच रागावलो. तंबोरा जवारीला देताना मी कारागिराच्या समोर ठाण मांडून बसतो, आणि रेडिओ मात्र पावती घेऊन ठेवून आलो!

तेव्हापासून मी या विद्येचा शागीर्द झालो. आज आपण ज्याला स्पीकर म्हणतो त्याची मांडणी राइस आणि केलॉग या दोघा अमेरिकन संशोधकांनी 1925 साली प्रसिद्ध केली. कागदाचा कोन, त्याच्या टोकाला तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे, आणि ते वेटोळे चुंबकाच्या अरुंद फटीत मागेपुढे हलणारे. मूळ कल्पना आजही तीच आहे. फरक चुंबकाचा. आजोबांच्या काळच्या पुष्कळ रेडिओंत कायमचा चुंबक नसे. फील्ड कॉइल नावाच्या जाड गुंडाळीतून वीज खेळवून तो तयार करावा लागे. आणि ही गुंडाळी दोन चाकऱ्या करी. चुंबक तर ती बनेच, शिवाय व्हॉल्व्हना जाणाऱ्या विजेतील चढउतारही गाळून टाकी. दुकानदाराने ती काढून तिच्या जागी नुसता रेझिस्टर घातला. त्यामुळे चढउतार पुरते गाळले जाईनात आणि मागे एक गुणगुण राहिली, सेकंदाला शंभर आंदोलनांची. माझ्या पेटीवर पाहिले, तर मंद्र सप्तकातल्या पांढरी पाचच्या किंचित वर. कोणत्या गवयाने तिच्याशी स्वर जुळवावा?

म्हणजे आता नुसता जुना स्पीकर शोधून भागणार नव्हते. फील्ड कॉइलचाच हवा, आणि तिचा अवरोधही त्या रेझिस्टरइतका, दीड हजार ओहमच्या आसपास हवा. खिशात मीटर घालून मी हिंडू लागलो. मुंबईच्या चोरबाजारात स्पीकर पुष्कळ, पण बहुतेकांच्या गुंडाळ्या आतून तुटलेल्या. लॅमिंग्टन रोडवर नवे कोन हवे तेवढे मिळतात, पण ते आजच्या स्पीकरांसाठी केलेले. जाड आणि ताठ. मापाला बसतील, गळ्याला बसावयाचे नाहीत. शेवटी अहमदाबादेस साबरमतीच्या काठी रविवारी भरणाऱ्या गुजरीत, सायकलीच्या सुट्या भागांच्या ढिगाखाली, एक गंजका स्पीकर हाती लागला. मीटर लावला, काटा 1480 वर थांबला. कोन तीन ठिकाणी फाटलेला. विकणारा म्हणाला, “साहेब, आ तो फाटेलुं छे.” मी घासाघीस केली नाही.

पाठीवरच्या ट्रान्सफॉर्मरची तार तुटली होती. हे या वस्तूंचे नेहमीचेच दुखणे. मोटारी गुंडाळून देणाऱ्या एका कारागिराने ती नव्याने भरून दिली. कोनाचे काम मात्र मी कोणाच्या हाती दिले नाही. नवा कोन घालावयाचा नाही, हे ठरलेलेच होते. आवाजाचा पोत त्या जुन्या, मऊ कागदात असतो. उत्तरायणाचा उरलेला पतंगाचा कागद फाडून, पांढऱ्या गोंदात पाणी घालून, फाटेवर दोन्ही बाजूंनी तुकडे चिकटविले. कागद कापावयाचा नाही, फाडावयाचा. म्हणजे कडेचे तंतू जुन्या कागदात मिसळतात आणि गोंदाचे ओझे होत नाही. वेटोळे फटीत मधोमध बसावे म्हणून एक्सरेच्या जुन्या फिल्मच्या बारीक पट्ट्या भोवती खोचल्या, कडा चिकटविल्या, रात्रभर वाळू दिले आणि मग पट्ट्या ओढून काढल्या. कोन दोन्ही बाजूंनी बोटांनी हळूच दाबून पाहिला. कोठे घासण्याचा आवाज आला नाही.

येथे एक सूचना करून ठेवतो. या रेडिओंच्या आत अडीचशे व्होल्ट नि अधिकही वीज असते, आणि प्लग काढल्यावरही ती कपॅसिटरमध्ये दबा धरून बसते. तेवढे काम जाणत्यावरच सोपवावे. तसेच अल्निकोचा चुंबक असलेला जुना स्पीकर मिळाला, तर त्याचा चुंबक उगाच सुटा करू नये. केला की त्याचे बळ उतरते.

ज्यांच्या घरी 1970 नंतरचे स्पीकर आहेत, त्यांचे दुखणे निराळे आणि पुष्कळ सोपे. त्यांच्या कोनाभोवती फोमची कडी असते. दमट हवेत तिचा काही वर्षांत भुगा होतो, आणि लोक सबंध पेटी मोडीत काढतात. बदलावयाची ती फक्त कडी. मात्र “आठ इंची द्या” म्हणून भागत नाही. कोनाची बाहेरची कड आणि चौकटीची आतली कड, दोन्ही मोजून न्यावी.

गेल्या महिन्यात स्पीकर जागेवर बसवून घेतला आणि जयजयवंती लावली. गुणगुण गेली होती. खर्ज आला; पण एका खालच्या स्वराशी ठिगळ अजून किंचित झणझणते. तेथे मी आवाज कमी करतो. अशी ही तबकडीची तीनेक मिनिटे. वडील खुर्चीत बसून डोळे मिटून ऐकत होते. सुई आतल्या कडेला जाऊन खरखरू लागली तरी बोलले नाहीत.

मग म्हणाले, “उलटी लाव.”