बँकेचे लेजर
(संगणक आणि रोजचे व्यवहार : लेखांक ६)

संगणक येण्यापूर्वी बँकेतले खाते म्हणजे लेजरचे एक पान असे. हे जाडजूड लेजर ज्या शाखेत, तिथेच खातेदाराचा सगळा हिशोब. पैसे काढायला आलेला माणूस स्लिप किंवा चेक काउंटरवर देई आणि पितळी टोकन घेऊन बाकावर बसे. कारकून पान उघडून शिल्लक पाही व रक्कम नावे टाकी, अधिकारी नमुना सहीशी सही ताडून चेक पास करी, मग रोखपाल टोकनचा क्रमांक पुकारी. यात वेळ जाई हे खरे, पण एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने तपासायचे, ही या पद्धतीची मोठी ताकद होती.

काउंटर बंद झाल्यावरही काम संपत नसे. ठरावीक मुदतीने सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची बेरीज जनरल लेजरमधल्या आकड्याशी जुळवावी लागे. थोड्या रुपयांचा फरक राहिला तरी मागच्या नोंदी एकेक करून पुन्हा ताडायच्या. या बॅलन्सिंगपायी कर्मचारी रात्री उशिरापर्यंत शाखेत अडकून पडत. बचत खात्यावरच्या व्याजाचा नियमही हाताने होणाऱ्या हिशोबाला सोयीचा होता. महिन्याच्या १० तारखेपासून अखेरीपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचे व्याज मिळे. १२ तारखेला भरलेल्या पैशांवर त्या महिन्यात काहीच मिळत नसे, आणि २८ तारखेला काढलेल्या रकमेवरचे अख्ख्या महिन्याचे व्याज बुडे. १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेने रोजच्या शिल्लकीवर व्याज मोजायचा नियम लागू केला. लाखो खात्यांची रोजची आकडेमोड कागदावर कोणालाच झेपली नसती. संगणकाने साध्या बचतदाराच्या पदरात नेमके काय टाकले, हे या एका बदलातून सर्वांत स्वच्छ दिसते.

हा बदल वादाशिवाय झाला नाही. नोकऱ्या जातील या धास्तीने कर्मचारी संघटनांनी यंत्रांना विरोध केला, आणि ती धास्ती अनाठायी नव्हती. १९८३ मध्ये बँका व संघटना यांच्यात करार होऊन मर्यादित यांत्रिकीकरणाला वाट मिळाली. पुढच्याच वर्षी रंगराजन समितीने त्याचा आराखडा दिला. मोठ्या शाखांत आधी लेजर पोस्टिंगची यंत्रे आली. १९९० च्या दशकात नव्या खासगी बँका पहिल्या दिवसापासून संगणकावरच उभ्या राहिल्या, तेव्हा सरकारी बँकांनाही थांबून चालेना. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतल्या सुमारे १ लाख कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली.

मात्र शाखेत संगणक बसला, तरी लेजर शाखेतच राहिले होते. फक्त ते कागदावरून पडद्यावर गेले. खरी उलथापालथ कोअर बँकिंगने केली. सगळ्या शाखांची खाती एका मध्यवर्ती संगणकावर गेली आणि खातेदार शाखेचा न राहता बँकेचा झाला. सांगलीत खाते असलेल्याला मुंबईत पैसे काढता येऊ लागले. एटीएम, मोबाइल बँकिंग आणि २०१६ पासूनचे यूपीआय, सगळे याच पायावर उभे आहे.

बेरजा आणि बॅलन्सिंग यंत्राकडे गेले, पण दोघांच्या तपासणीची जुनी शिस्त बँकांनी सोडली नाही. आजही एक कर्मचारी नोंद करतो आणि दुसरा आपल्या पासवर्डने ती मंजूर करतो. ही शिस्त ढिली पडली तर काय होते, हे फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईच्या फोर्ट भागातल्या पंजाब नॅशनल बँकेच्या शाखेतला घोटाळा उघड झाला तेव्हा दिसले. बँकांच्या परदेशांतल्या शाखांना हमीचे संदेश स्विफ्ट यंत्रणेतून जात होते, पण ती यंत्रणा कोअर बँकिंगला जोडलेली नव्हती. त्यामुळे बँकेच्या मुख्य हिशोबात त्या हमींची नोंदच नव्हती. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने या दोन्ही यंत्रणा जोडून घेण्यासाठी बँकांना ३० एप्रिल २०१८ ची मुदत घालून दिली.