वस्तीवर कॅमेरा : वायरचा की बिनवायरचा?

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागात डाळिंब तोडणीला आले आणि बाजारात भाव चढला, की बागायतदाराची झोप उडते. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण राखणीचे काम काही कमी झाले नाही. विहिरीवरची मोटार, तांब्याची केबल, गोठ्यातली शेरडं हे सगळे सांभाळायचे आणि वस्ती गावापासून लांब. म्हणून आता बरेच शेतकरी कॅमेरा बसवायला निघतात. दुकानात पहिला सवाल हाच येतो : वायरचा घ्यायचा का बिनवायरचा?

"तार ओढायची कटकट नको, वायफायचाच द्या," अशी घाई करू नये. उत्तर दुकानात नाही, आपल्या वस्तीवर आहे. वीज, अंतर आणि चित्रण कुठे साठते, या तीन गोष्टी आधी पाहाव्यात.

वीज लागतेच

बिनवायर म्हणजे फक्त चित्र हवेतून जाते. वायफायच्या साध्या कॅमेऱ्याला विजेची वायर ओढावीच लागते. लाईट गेली की तो बंद आणि राऊटरही बंद. चोरटा अशाच अंधाराची वाट पाहतो. वायरच्या संचात सर्व कॅमेऱ्यांना एकाच ठिकाणाहून वीज देता येते. चार कॅमेरे आणि रेकॉर्डर मिळून साधारण एका जुन्या ट्यूबलाईटइतकी वीज खातात, त्यामुळे घरातल्या इन्व्हर्टरवर रात्र निघते. शेतीपंपाच्या लाईनवर मात्र कॅमेरा जोडू नये. ती वीज पाळीने येते.

अंतर आणि आडोसा

घर, अंगण, गोठा जवळजवळ असेल तर वायरच बरी. नेटवर्कची वायर मध्ये यंत्र न लावता १०० मीटरपर्यंत चालते. वायफायच्या वाटेत पत्र्याचे शेड आले, की त्याचा जोर ओसरतो. वायरचे शत्रू दोन : घूस आणि वीज. वायर पाईपातूनच न्यावी. वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा लांब वायरीतून झटका येऊन यंत्र जळू शकते, म्हणून आर्थिंग नीट करून घ्यावे.

बाग वस्तीपासून अर्धा किलोमीटर असेल, तर सोलर पॅनेलचा, सिमकार्डवाला कॅमेरा सोयीचा. घेण्यापूर्वी त्या जागेवर उभे राहून आपल्या मोबाईलला रेंज मिळते का ते बघावे. सेकंदाला १ मेगाबिट या हिशेबाने दिवसभर चित्र पाठवले तर जवळजवळ ११ जीबी डेटा जातो. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये हे बसत नाही. हालचाल झाली तरच चित्र पाठवावे, असे सेटिंग ठेवावे. भिंगावर कोळ्याचे जाळे झाले की रात्रभर खोटा इशारा येतो, तेव्हा आठवड्याला फडके मारावे. ढगाळ दिवसांत बॅटरी किती उरली तेही पाहावे.

चित्रण कुठे?

काही कॅमेऱ्यांत चित्रण आतल्या कार्डावरच राहते. चोराने कॅमेराच नेला तर पुरावाही गेला! वायरच्या संचात रेकॉर्डर घरात असतो. तो टीव्हीशेजारी न ठेवता कुलपात ठेवावा, फक्त हवा खेळती असावी. वरच्याच हिशेबाने चार कॅमेऱ्यांचे रोज ४३ जीबी चित्रण होते. एक टीबीची डिस्क साधारण तीन आठवडे पुरते, मग जुने पुसले जाते. त्यामुळे घटना घडताच ११२ ला फोन करून त्याच दिवशी चित्रण जपून ठेवावे, त्यात काटछाट करू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. चौकात, पाण्याच्या टाकीवर कॅमेरे बसवणाऱ्या ग्रामपंचायतींनीही हे ध्यानात ठेवावे.

कॅमेऱ्यांच्या सुरक्षिततेबाबत केंद्र सरकारचे नवे नियम ९ एप्रिल २०२५ पासून लागू आहेत. पक्के बिल घ्यावे, मॉडेल तपासणीत उतरले आहे का विचारावे आणि पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

थोडक्यात, घर-गोठ्याला वायर, लांबच्या बागेला सिमकार्ड. पैसा एकाचाच असेल तर आधी घराचा संच पक्का करावा. आणि कॅमेरा आला म्हणून राखणीचे कुत्रे सोडू नये. कॅमेरा चोर दाखवतो, भुंकत नाही.