कानावर विश्वास न ठेवण्याची तालीम

दुंडिगलच्या वायुसेना अकादमीतलं दीक्षान्त संचलन आपण सगळे टीव्हीवर पाहतो. जूनमध्ये एक, डिसेंबरमध्ये एक. पांढरे हातमोजे, डोक्यावरून जाणारी विमानं, आणि शेवटी मुलांच्या खांद्यांवर पट्ट्या लावताना आई-वडिलांचे थरथरणारे हात. संपादकांनी मला या संचलनावरच लिहायला सांगितलं होतं. माझं लक्ष मात्र दुसऱ्या टोकाकडे होतं. ट्रंक घेऊन फाटकातून आत आलेला मुलगा किंवा मुलगी, आणि पहिल्यांदा विमानात पट्टे आवळून बसणारा फ्लाइट कॅडेट, यांच्यामध्ये काही आठवडे असतात. त्या आठवड्यांबद्दल कुणी फारसं बोलत नाही. ते समजून घ्यायला मी पुण्यातल्या दोन निवृत्त माणसांकडे गेले. एक वायुसेनेत उड्डाण प्रशिक्षक होते, दुसरे वैमानिकांचे डॉक्टर. दोघांनीही नाव न छापण्याची अट घातली, आणि दोघांनीही भरपूर वेळ दिला.

अकादमीचा इतिहास थोडक्यात असा. ११ ऑक्टोबर १९६७ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांनी हैदराबादजवळच्या दुंडिगलला पायाभरणी केली आणि १९७१ मध्ये इथे प्रशिक्षण सुरू झालं. जून २०१६ मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक इथूनच बाहेर पडल्या. काही कॅडेट पदवीनंतर परीक्षा देऊन येतात, काही एनसीसीतून. बरेचजण आमच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, तीन वर्षं काढून येतात. तिथे सुपर डिमोना या मोटर ग्लायडरमधून त्यांनी हवेची थोडी चव घेतलेली असते. मराठी मुलांची वाट त्याही आधी सुरू होते. राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था १९७७ पासून औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, दहावी झालेल्या मुलांना एनडीएसाठी तयार करते आहे.

नव्या कॅडेटचे पहिले दिवस कसे जातात, असं प्रशिक्षकांना विचारलं तेव्हा मला वाटलं, ते परेड आणि धावण्याबद्दल बोलतील. ते बोलले पाठांतराबद्दल. विमान सुरू करण्याआधी, उडण्याआधी, उतरण्याआधी करायच्या तपासण्या, ज्यांना तिथे सगळे नुसतं ‘चेक्स’ म्हणतात, त्या झोपेतून उठवलं तरी म्हणता आल्या पाहिजेत. इंजिन बंद पडलं, आग लागली, तर पहिल्या काही कृती पुस्तक उघडून करायच्या नसतात. त्या अक्षरशः तोंडपाठ लागतात, आणि त्याच क्रमाने. वर्गात वायुगतिकी, इंजिन, हवामान, दिशाशोधन हे विषय चालू असतात. रात्री खोलीत कॅडेट साध्या खुर्चीत बसतो. समोर कॉकपिटचं चित्र भिंतीला चिकटवलेलं. डावा हात काल्पनिक थ्रॉटलवर, उजवा काल्पनिक दांड्यावर, पाय काल्पनिक पेडलवर. ओठ हलत असतात. खरं विमान मिळायच्या आधी अशी शेकडो उड्डाणं खुर्चीतच होतात.

मग खऱ्या कॉकपिटमध्ये, विमान जमिनीवर उभं असताना, डोळ्यांवर पट्टी बांधतात. प्रशिक्षक एकेका बटणाचं नाव घेतो आणि कॅडेटने त्यावर बोट ठेवायचं. चुकलं तर पुन्हा. “नव्या घरात रात्री दिवे गेले की भिंतीवर हात चाचपडतो ना आपण? तसं चाचपडणं मला त्याच्या हातात दिसता कामा नये,” प्रशिक्षक म्हणाले. बोलताना त्यांचा स्वतःचा डावा हात टेबलाच्या कडेवर पुढेमागे सरकत होता. सेवानिवृत्तीला बरीच वर्षं झाली, पण हाताची सवय गेलेली नाही.

हात रुळतो. पाठांतरही रुळतं. सगळ्यात उशिरा रुळतो तो कान, आणि त्यासाठी मला डॉक्टरांकडे जावं लागलं.

डॉक्टरांनी व्याख्यान दिलं नाही. त्यांच्या अभ्यासिकेतल्या फिरत्या खुर्चीत मला बसवलं, डोळे मिटायला सांगितले. “दोन्ही अंगठे वर धरा. उजवीकडे फिरतोय असं वाटलं की उजवीकडे कलवा, डावीकडे वाटलं की डावीकडे. थांबलो असं वाटलं की सरळ.” त्यांनी खुर्ची एकसारख्या वेगाने फिरवायला सुरुवात केली. अंगठे उजवीकडे गेले. थोड्या वेळाने फिरणं मंद होत होत थांबल्यासारखं वाटलं. मी अंगठे सरळ केले. मग एकदम खुर्ची डावीकडे गरकन वळली, आणि अंगठे डावीकडे. डॉक्टर म्हणाले, “आता डोळे उघडा.” खुर्ची जागच्या जागी उभी होती. मी अंगठे सरळ केले होते तेव्हा ती पहिल्याच वेगाने फिरत होती. आणि डावीकडे ती कधी वळलीच नव्हती. त्यांनी फक्त तिला थांबवलं होतं.

वायुसेनेतली खुर्ची यापेक्षा भक्कम असते, आणि तिला बारानी खुर्ची म्हणतात. तत्त्व हेच. आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या आहेत. त्यांत द्रव आहे. डोकं वळलं की नलिका वळते, द्रव जडत्वामुळे मागे राहतो आणि मधला मऊ पडदा वाकवतो. त्या वाकण्यावरून मेंदूला कळतं की आपण वळतोय. पण वळणं एकसारखं चालू राहिलं तर साधारण दहा ते वीस सेकंदांत द्रव नलिकेच्या वेगाला गाठतो, पडदा सरळ होतो, आणि मेंदूला खबर जाते की सगळं स्थिर आहे. वळणं थांबलं की द्रव पुढे धावत राहतो आणि उलट्या दिशेची खोटी खबर देतो. हा अवयव बिघडलेला नाही. चालणाऱ्या, पळणाऱ्या, झाडावरून उतरणाऱ्या प्राण्यासाठी तो उत्तम आहे. मिनिटभर एकाच बाजूला कललेल्या विमानात बसण्यासाठी तो घडलेलाच नाही.

ढगात शिरलेल्या वैमानिकाचं काय होतं ते यातून कळतं. विमान हळूहळू कलतं, इतकं हळू की कानाला पत्ता लागत नाही. कललेलं विमान नाक खाली घालून वळत राहतं आणि वेग वाढतो. वैमानिकाला वाटतं, मी सरळ चाललोय, फक्त उंची जातेय, म्हणून तो दांडा मागे ओढतो. त्याने वळण आणखी आवळलं जातं. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचं शिक्षण न घेतलेल्या २० जणांवर प्रयोग झाला. बाहेरचं दिसेनासं केल्यावर विसांच्या विसांचा ताबा सुटला. त्याला लागलेला सरासरी वेळ १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटंसुद्धा नाहीत.

खुर्चीला ज्यांचं नाव आहे ते रॉबर्ट बारानी व्हिएन्नातले कानाचे डॉक्टर. रुग्णाचा कान धुताना पाणी फार थंड किंवा फार गरम असलं की त्याला भोवळ येते आणि डोळे लकलक हलतात, हे त्यांनी पाहिलं आणि त्या हालचालीचा माग काढत ते अंतर्कर्णापर्यंत पोचले. १९१४ चं नोबेल त्यांना मिळालं तेव्हा ते रशियाच्या कैदेत होते. खुर्ची वैमानिकांच्या तपासणीत आली ती भोवळीची परीक्षा म्हणून. तिचा खरा धडा शिकला तो विल्यम ऑकर नावाच्या अमेरिकन सैनिकी वैमानिकाने. १९२६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रिसी फील्डवर डॉ. डेव्हिड मायर्स यांनी या अनुभवी माणसाला डोळे मिटून खुर्चीत बसवलं, आणि फिरण्याची दिशा त्याला सांगता येईना. ऑकर परत आला तो एक बंद पेटी घेऊन. तिच्यात वळण दाखवणारं उपकरण आणि छोटा दिवा होता. पेटीत पाहत तो खुर्चीत बसला आणि प्रत्येक वेळी बरोबर उत्तर देत गेला. १९३० मध्ये त्याने आणि कार्ल क्रेनने बाहेरचं काहीही न पाहता टेक्सासहून इलिनॉयपर्यंत सुमारे ९०० मैल विमान नेलं. आज ढगातून पुण्याला उतरणारं प्रत्येक विमान त्या पेटीचं ऋणी आहे, असं मला मनापासून वाटतं.

कॅडेटला खुर्चीत बसवण्यामागचा हेतूही तोच. आजवर या मुलांना सांगितलेलं असतं की स्वतःवर विश्वास ठेवा. निवडीच्या प्रत्येक पायरीवर आत्मविश्वासाचेच गुण मिळालेले असतात. वैमानिक होण्याची क्षमता तपासणारी संगणकीय चाचणी तर आयुष्यात एकदाच देता येते. ती पार करून आलेल्याला आपल्या अंगात काही खास आहे असं वाटलं तर नवल नाही. आणि इथे पहिल्याच टप्प्यावर त्याला सांगतात की तुझं अंग तुझ्याशी खोटं बोलेल, तेही खात्रीने. समोरच्या काट्यावर विश्वास ठेव. खुर्चीतून उतरताना सगळ्यात शांत कोण असतं, असं मी विचारलं. “जे जास्त फुशारकीने चढतात ते,” डॉक्टर म्हणाले.

पण पटणं वेगळं आणि पचणं वेगळं. डोळे सांगतात कॉकपिट स्थिर आहे, कान सांगतो आपण गरगरतोय, आणि या भांडणाची किंमत पोट मोजतं. फिरत असताना डोकं खाली किंवा बाजूला कललं तर दोन नलिका एकाच वेळी परस्परविरोधी खबरा देतात आणि मळमळ उसळते. पहिल्या काही सॉर्टींमध्ये, म्हणजे उड्डाणांमध्ये, अनेकांना होतं हे. बहुतेकांचं आपोआप थांबतं, कारण मेंदू नवी गणितं शिकतो. ज्यांचं थांबत नाही त्यांच्यासाठी बंगळुरूच्या एअरोस्पेस वैद्यक संस्थेत खास उपचार आहेत. ही संस्था १९५७ ची. गगनयानाचे अंतराळवीर निवडण्याच्या चाचण्याही इथेच झाल्या. उपचार म्हणजे पुन्हा खुर्चीच. रोज थोडं फिरवायचं, फिरताना डोकं कलवायला लावायचं, सोसवेल तिथे थांबायचं, उद्या किंचित जास्त. श्वासावर लक्ष, स्नायू सैल. काही दिवसांनी जी फिरकी पहिल्या दिवशी असह्य होती ती सहज जाते.

डॉक्टरांना काळजी आहे ती लपवणाऱ्यांची. उड्डाणातून काढून टाकतील या धाकाने कॅडेट मळमळ गिळतो, उपाशीपोटी विमानात चढतो, रात्री झोपत नाही, आणि या तिन्ही गोष्टींनी मळमळ वाढतेच. वरच्या तुकडीतली मुलं थट्टा करतात ते वेगळं. चांगला प्रशिक्षक उतरल्यावर आधी चेहऱ्याचा रंग बघतो, मग सॉर्टीची चर्चा करतो. पण प्रत्येक प्रशिक्षकाकडे तेवढी उसंत असतेच असं नाही.

आणि उसंतीचा प्रश्न शेवटी विमानांशी येऊन थांबतो. कानाची सवय टिकाऊ नसते. उड्डाणात मोठा खंड पडला की मेंदू नवी गणितं विसरू लागतो आणि मळमळ परत येते. म्हणून नवख्याला उड्डाणं सलग मिळावी लागतात, आणि त्यासाठी पुरेशी, भरवशाची विमानं लागतात. तिथे आपला इतिहास सुखाचा नाही. एचपीटी-३२ दीपक या विमानाच्या १७ अपघातांत १९ वैमानिक गेले. इंजिन हवेत बंद पडण्याचं दुखणं त्याला शेवटपर्यंत होतं. जुलै २००९ मध्ये दोन प्रशिक्षक दगावल्यावर सगळा ताफा जमिनीवर आला. मग नवशिक्यांना थेट किरण या जेटवर बसवावं लागलं, जे मुळात पुढच्या टप्प्याचं विमान. ७५ स्विस पिलाटस विमानांचा करार २०१२ मध्ये झाला आणि मे २०१३ मध्ये ती दुंडिगलला दाखल झाली. विमान उत्तम, प्रशिक्षकांचं आवडतं. तरी डिसेंबर २०२४ च्या कॅगच्या अहवालात २०१३ ते २०२१ या काळात ६४ पैकी १६ पिलाटसमध्ये इंजिन तेलगळतीचे ३८ प्रसंग नोंदवलेले आहेत. त्याच अहवालात वैमानिकांची तूट २०१५ मधल्या ४८६ वरून २०२१ अखेर ५९६ वर गेल्याचं लिहिलं आहे. आणि डिसेंबर २०२३ मध्ये दुंडिगलहून निघालेलं एक पिलाटस मेदक जिल्ह्यात कोसळून प्रशिक्षक आणि कॅडेट दोघेही गेले, हे विसरता येत नाही.

तूट वाढली की दोन्हीकडून दाब येतो. जास्त मुलं घ्या, लवकर तयार करा, आणि विमानं तेवढीच. आता आशा आहे ती एचटीटी-४० वर. हे देशी विमान पहिल्यांदा उडालं ३१ मे २०१६ रोजी. ७० विमानांची मागणी नोंदवायला मार्च २०२३ उजाडला, आणि पुढे परदेशी इंजिनांच्या पुरवठ्याने वेळापत्रक रेंगाळलं. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळ ओझरच्या एचएएल कारखान्यात त्याची दुसरी उत्पादन साखळी सुरू झाली. मिग आणि सुखोई बांधलेल्या कामगारांच्या हातांतून आता नवशिक्यांचं पहिलं विमान बाहेर पडणार आहे.

ही विमानं पुरेशा संख्येने येईपर्यंत काय करायचं, असं मी प्रशिक्षकांना विचारलं. त्यांचं उत्तर वेळापत्रकाबद्दल होतं. सकाळी विमानं कमी निघाली की उड्डाणं कुणाची तरी कापावीच लागतात. पुढे गेलेल्या कॅडेटची कापा, तो दोन दिवस थांबू शकतो. नुकतीच सुरुवात केलेल्याची पहिली दहा-बारा उड्डाणं तुटू देऊ नका, वरून कितीही आकडे मागितले तरी. त्यांच्या वेळी हे नेहमी जमलं का, असंही विचारलं. “नाही,” ते म्हणाले, आणि ज्यांची उड्डाणं तुटली होती त्यांच्यातल्या दोघांबद्दल बराच वेळ बोलत राहिले. एक पुढे हेलिकॉप्टरवर गेला. दुसऱ्याने मळमळ कधी सांगितलीच नाही, आणि सोलोच्या, म्हणजे पहिल्या एकट्याच्या उड्डाणाच्या, आधी घरी परतला.