कंडरेला खाऊ घालायचं कसं?

आठ निरोगी पुरुष. एक पेय प्यायचं, तासभर थांबायचं आणि मग सहा मिनिटं दोरीच्या उड्या मारायच्या. दिवसातून तीनदा, दोन खेपांमध्ये किमान सहा तासांचं अंतर ठेवून, सलग तीन दिवस. पेयात कधी १५ ग्रॅम जिलेटिन, कधी ५ ग्रॅम, कधी अजिबात नाही. 'क' जीवनसत्त्व मात्र दर वेळी ४८ मिलिग्रॅम. आपण नेमकं काय पितोय, हे पिणाऱ्याला ठाऊक नव्हतं.

ऑस्ट्रेलियातले क्रीडा-आहारतज्ज्ञ ग्रेगरी शॉ आणि अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतले शरीरक्रियाशास्त्रज्ञ कीथ बार यांच्या गटाचा हा प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचं लक्ष होतं कंडरा आणि लिगामेंटवर. कंडरा स्नायूला हाडाशी बांधते, लिगामेंट हाडाला हाडाशी. दोन्ही मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाच्या दोऱ्यांनी विणलेली. खेळाडूचा ताणलेला स्नायू बऱ्याचदा काही आठवड्यांत सावरतो. घोट्यामागची कंडरा दुखावली की महिने जातात.

कारण कंडरेकडे पाहिलं तरी कळतं. स्नायू लाल, कंडरा पांढरीफटक. तिला रक्तपुरवठा तोकडा. मग तिच्या पेशींपर्यंत अन्न पोचतं कसं? स्पंजासारखं. ताण पडला की आतलं पाणी पिळून निघतं, ताण सुटला की भोवतालचा द्रव आत शोषला जातो. म्हणजे नुसतं खाऊन भागत नाही. स्पंज पिळला जात असताना कच्चा माल रक्तात हजर हवा. जिलेटिन हे शिजवून सुटं झालेलं कोलॅजनच. ते प्यायल्यावर साधारण तासाभरात त्यातली अमिनो आम्लं रक्तात भरपूर होतात. म्हणून उड्यांआधी तासभर थांबायचं. आणि 'क' जीवनसत्त्व नसेल तर कोलॅजनचा पीळ घट्ट बसत नाही. 'क' जीवनसत्त्वाच्या अभावानं होणाऱ्या स्कर्व्हीत हिरड्यांतून रक्त येतं ते याचमुळे.

थोडाच वेळ उड्या आणि मध्ये सहा तासांचं अंतर, हे गणित कुठून आलं? बार यांच्या प्रयोगशाळेत मानवी पेशींपासून छोटी लिगामेंट वाढवतात. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या लिगामेंटमधून या पेशी मिळतात. २०१२ मधल्या अभ्यासात अशा लिगामेंटना यंत्रावर ताणून पाहिलं. सुमारे दहा मिनिटांत पेशींचा प्रतिसाद शिगेला पोचला. त्यापुढे ताणत राहून काही वाढलं नाही. पुन्हा तसाच प्रतिसाद मिळायला सुमारे सहा तास जावे लागले. म्हणजे दोन तास चाललेल्या सरावात कंडरेच्या बांधणीचा निरोप पहिल्या काही मिनिटांतच पोचलेला असतो.

आता निकाल. कोलॅजनचा रेणू तयार होताना त्याची टोकं छाटली जातात आणि ते तुकडे रक्तात येतात. सुताराच्या दारातला भुसा पाहून आत किती काम चाललंय याचा अंदाज घ्यावा, तसे संशोधक हे तुकडे मोजतात. १५ ग्रॅम जिलेटिनच्या फेरीत त्यांचं प्रमाण जिलेटिनविना फेरीच्या दुप्पट झालं.

पण भुसा म्हणजे खुर्ची नव्हे. तो कंडरेतून आला की हाडातून, हे रक्त सांगत नाही. माणसं आठच, दिवस तीनच, दुखापत कुणालाच नव्हती. नंतरच्या प्रयोगांचे निष्कर्षही संमिश्र आहेत. त्यामुळे 'सांधे दुरुस्त करणारी पावडर' म्हणून विकला जाणारा डबा या प्रयोगाच्या पुष्कळ पुढे धावतो आहे.

आपल्याकडे हाड मोडलं की पायाचा रस्सा पाजतात. खूर आणि कंडरा तासन्‌तास उकळून केलेला हा रस्सा म्हणजे जिलेटिनच. मात्र वाटीत ते किती उतरलं, याचा भरवसा नाही. वनस्पतींत कोलॅजन नसतं, त्यामुळे शाकाहारी खेळाडूच्या शरीराला ते डाळी-दुधातल्या प्रथिनांतूनच घडवावं लागतं. 'क' जीवनसत्त्वाची अडचण नाही, एका पेरूत ४८ मिलिग्रॅमहून जास्तच असतं. दुखावलेल्या कंडरेवर ताण किती द्यायचा, हे फिजिओथेरपिस्टनं ठरवावं. कच्चा माल घरोघरच्या रश्श्यात पूर्वीपासून होता. त्यानंतर तासाभरानं दोरी हातात घ्यावी, असं मात्र कुणी सुचवलं नव्हतं.